तू कुणाच्या जागी आलं आहेस?

प्रिय सर्वनामा,

पत्राच्या पहिल्याच शब्दापाशी मी अडले. तुला 'तू' म्हणावं, 'तुम्ही' म्हणावं, की जुन्या मायन्यातलं 'आपण' वापरावं? शेवटी 'तू'च धरलं. व्याकरणाच्या पुस्तकात तुझं लिंग नपुंसक आहे, आणि मराठीत नपुंसकलिंगी 'तू' आपण फक्त लेकरांना म्हणतो. 'कुठं गेलं होतंस?', 'दमलंस का?', 'आलंस का माझ्या पिल्ला?' ३१ वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवली. त्या सगळ्या वर्षांत तुझी माझी रोज गाठ पडली. तेव्हा लेकराचा 'तू' वापरण्याएवढा हक्क मला आहे, असं धरून चालते.

हे पत्र एका उत्तरपत्रिकेमुळे लिहिते आहे. वीसेक वर्षांपूर्वी अकरावीच्या घटक चाचणीत अपठित पद्यावर प्रश्न होता. आठ ओळींचं पद्य, संध्याकाळचं. त्यात माळावर चरायला गेलेली गुरं होती, मग दारात उभी राहिलेली एक बाई होती आणि शेवटी 'ती परतली' एवढे दोन शब्द. 'ती' म्हणजे कोण, एवढाच प्रश्न. माझ्या हातातल्या आदर्श उत्तरात लिहिलं होतं, दारातली स्त्री. एका मुलीनं लिहिलं, 'ती म्हणजे गुरं.' मी लाल रेघ ओढली, गुण कापले आणि पुढचा पेपर घेतला.

ती मुलगी काही बोलली नाही. पेपर घडी करून दप्तरात ठेवताना मात्र तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला बऱ्याच वर्षांनी समजलं. तिच्या घरी गोठा होता. दिवेलागणीला कोण परततं हे तिला चांगलं ठाऊक होतं. शिवाय जी बाई दारातच उभी आहे, ती गेलीच कुठं होती परतायला? व्याकरणही त्या मुलीच्याच बाजूचं होतं. मुलगी परतली, ती परतली. गुरं परतली, ती परतली. स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन मराठीत एकच कपडे घालून येतात, क्रियापदासकट. हे मी स्वतः फळ्यावर तक्ते काढून शिकवत होते. कवितेत मात्र 'ती' दिसली की बाई, हे मी न तपासता धरून बसले होते. त्या लाल रेघेची माफी तुझ्याकडे मागते, कारण ती मुलगी आता कुठं आहे मला माहीत नाही.

तू जिथं जिथं येतंस तिथं हा प्रश्न असतो. 'ते' म्हणजे एक मूल, दोन पुरुष, किंवा एकच वडीलधारा माणूस. 'त्या' म्हणजे चारचौघी, किंवा एकट्या आजी. 'त्याला' म्हटलं की तो मुलगा आहे की ते झाड, हे त्या शब्दावरून कळत नाही. रोजच्या बोलण्यात याची अडचण होत नाही, कारण बोलणाऱ्याचं बोट दिसतं, नजर दिसते. कवितेत ते बोट नसतं. कागदावर फक्त तू असतंस, आणि आधीच्या ओळींत मागे जाऊन आम्हाला तुझं घर शोधावं लागतं.

ते कसं शोधावं, हे शिकवताना मी मुलांना आधी क्रियापद बघायला सांगायची. इंग्रजीतला 'आय' शेवटपर्यंत बाई की पुरुष हे लपवू शकतो. मराठीतला 'मी' फार वेळ लपत नाही. 'मी थांबले', 'मी थांबलो' म्हटलं की झालं उघड. पण ज्या कवीला हे लपवायचं असेल त्याच्यासाठी मराठीनं दोनचार वाटाही ठेवल्या आहेत. 'मी दार उघडलं' म्हणा, क्रियापद दाराच्या मागे जातं आणि बोलणारा झाकला जातो. 'मी येईन' म्हणा, 'मला वाटलं' म्हणा, 'मी रोज तिथं जाई' म्हणा. एखाद्या कवितेत पहिल्यापासून शेवटपर्यंत अशीच क्रियापदं आढळली तर तो योगायोग नसतो, कवीनं ती निवडून घेतलेली असतात. मग तिथं 'बोलणारी व्यक्ती पुरुष आहे' असं रसग्रहणात लिहिणं म्हणजे त्यानं मेहनतीनं लावलेलं दार धक्का मारून उघडणं.

आणि क्रियापद दिसलं म्हणून लगेच निकालही देऊ नये. हे मला एका कोल्हापूरकडच्या मुलीनं शिकवलं. तिनं एका स्पर्धेला कविता पाठवली होती. पाऊस, एस. टी.ची वाट पाहणं आणि 'मी थांबलो'. परीक्षकांनी शेरा दिला, 'कवयित्रीने पुरुषाच्या भूमिकेतून लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, तो फसला आहे.' तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्यात मुली असंच म्हणतात. मी येतो, मी जातो. मीच थांबले होते तिथं." 'थांबले' हे ती माझ्यासाठी बोलली, 'थांबलो' हे तिच्या घरचं होतं. मी तिला कवितेतला एक शब्दही बदलू दिला नाही.

ज्यांना तू गैरसोयीचं वाटलंस त्यांनी तुला सरळ बदलल्याचीही उदाहरणं आहेत. शेक्सपिअरची सुनीतं १६०९ मध्ये छापली गेली. त्यातली बरीचशी एका तरुण पुरुषाला उद्देशून आहेत. १६४० मध्ये जॉन बेन्सन नावाच्या प्रकाशकानं ती पुन्हा छापली तेव्हा काही ठिकाणची पुल्लिंगी सर्वनामं स्त्रीलिंगी केली, काही सुनीतांना नवी शीर्षकं दिली. पुढं शतकाहून जास्त काळ पुष्कळ वाचक तोच पाठ वाचत राहिले. १७८० मध्ये एडमंड मलोननं मूळ १६०९चा पाठ पुन्हा पुढं आणला, तेव्हा कुठं तू आपल्या जागी परत आलंस. दोन-तीन अक्षरांचा शब्द, पण तो हलवला की प्रेम करणारा कोण आणि कुणावर, सगळंच हलतं. त्याच सुनीतांचं मराठी करायला बसलं तर आणखी पंचाईत. इंग्रजी 'यू' काहीच सांगत नाही, मराठीत 'तू आलास' की 'तू आलीस' हे पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं.

'तू' या तुझ्या रूपाविषयी जरा सावकाश लिहिते, कारण त्याच्यात माझा जीव गुंतलेला आहे.

आमच्या घरी आईला 'तू' होतं आणि वडिलांना 'तुम्ही'. पुष्कळ मराठी घरांत असंच होतं, अजूनही आहे. आईला अहोजाहो केलं तर तीच दुखावेल. म्हणजे मराठी कवितेत 'तू' आला की कोण असू शकेल याची यादी आधीच लहान होते. आई, देव, मित्र, मैत्रीण, प्रियकर, प्रेयसी, पोटचं लेकरू, नदी, पाऊस, माती आणि गेलेलं माणूस. वडील या यादीत सहसा नसतात. जुन्या कवितेत नवराही नसतो, कारण त्याला 'अहो' असे. पण देव आहे. गावच्या पाटलाला कुणी 'तू' म्हणणार नाही आणि पंढरीच्या राजाला मात्र सरसकट 'तू'. एवढंच नव्हे, तुकोबा त्याला विठाबाई म्हणतात, माउली म्हणतात, आणि ज्याला आत्ता 'तो' म्हटलं तो पुढच्या क्षणी 'ती' होतो. संतांच्या कवितेत 'तो'चा 'ती' झाला तर लिंगाची चूक शोधू नये. नातं कुठलं धरलंय ते बघावं.

तसंच विरहिणींचं. ज्ञानदेवांच्या विरहिण्यांत बोलणारी बाई आहे. क्रियापदं बाईची, तगमग बाईची, रचणारा पुरुष. तिच्या बोलण्यातला 'तो' प्रियकर आहे आणि परमेश्वरही आहे. वर्गात मुलं विचारायची, दोघांतला खरा कोण? मी त्यांना सांगायची, आधी प्रियकर म्हणून पूर्ण वाचा, त्यातला विरह अंगाला लागू द्या. तो लागलाच नाही तर 'तो म्हणजे परमात्मा' हे वाक्य पाठ करून उपयोग नाही. एकनाथांच्या भारुडांतही असंच असतं, सासू आधी सासू असावी लागते, मग तिचा दुसरा अर्थ.

इंदिरा संतांच्या 'तू'पाशी मात्र मी अनेकदा गप्प झाले आहे. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले. त्याआधी १९४० मध्ये दोघांच्या कवितांचा 'सहवास' हा संग्रह निघाला होता. त्यानंतरचा 'शेला' १९५१चा. मधली अकरा वर्षं माहीत असलेला वाचक 'शेला' उघडतो आणि 'तू' दिसला की त्याला एकच माणूस दिसतो. हे चूक नाही. कवयित्रीचं आयुष्य माहीत असणं हा काही गुन्हा नव्हे. पण बाईंच्या कवितेत झाड असतं, आभाळ असतं, स्वतःशी बोलणंही असतं, आणि प्रत्येक 'तू' त्या एका मृत्यूकडे नेऊन बांधला तर ते झाड वाचायचं राहून जातं. माझी रीत अशी आहे. आधी कवितेतल्या कवितेत शोधायचं. तिथं मिळालं नाही तर शेजारच्या कवितांत. चरित्राकडे सगळ्यात शेवटी जायचं, आणि गेलंच तर 'असावं' म्हणत जायचं.

याच्या उलटही होतं, आणि त्याचा मला अधिक राग येतो. कवीनं स्वच्छ सांगितलेलं असतं आणि आपण ऐकत नाही. ग्रेसांची एक कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी गेली आहे. पावसात निघून गेलेल्या 'ती'ची. प्रेमात पोळलेली किती मुलं ती कविता आपली म्हणून ऐकतात! पण पुढच्याच एका कडव्यात ती आई होती असं कवी स्वतः म्हणतो, आणि त्याहून पुढं आपलं बालपण संपल्याचं सांगतो. कविता उघडी आहे ती वेगळ्या जागी. आई गेली म्हणजे वारली, की घर सोडून गेली? त्या जागी हवं तेवढं थांबावं. 'ज्याचा त्याचा अर्थ' हे वाक्य मी वर्गात कधी चालवून घेतलं नाही. अर्थ ज्याचा त्याचा असतो, पण तो कागदावरचं सगळं वाचून झाल्यानंतरचा.

ज्ञानेश्वरी वाचताना तर तुझ्यामागे धावून दम लागतो. शके १२१२चा, म्हणजे १२९०चा हा ग्रंथ, नऊ हजारांवर ओव्यांचा. कृष्ण अर्जुनाशी बोलतो. ते संजय धृतराष्ट्राला सांगतो. ते सगळं ज्ञानदेव श्रोत्यांना सांगतात, आणि मध्येच निवृत्तिनाथांकडे वळतात. 'तू' म्हणजे अर्जुन, धृतराष्ट्र किंवा गुरू. 'तुम्ही' म्हणजे समोर बसलेले संतसज्जन. हस्तलिखितात अवतरणचिन्हं नाहीत, नवा परिच्छेद नाही. माझे आजोबा पारायणाला बसत तेव्हा मी शेजारी असायची. ते मधेच थांबत, पोथीवरचं बोट न उचलता म्हणत, "हे आता देव बोलताहेत हां." चार ओव्या झाल्या की, "हे माउली आपल्याला सांगताहेत." एवढंच. अर्थ सांगत नसत, बोलणारा कोण एवढं सांगत. पुढं मला कळलं की अर्थाचं निम्मं काम तिथंच झालेलं असायचं.

आणि पसायदान बघ. ज्ञानदेव मागणं मागतात ते 'मज' म्हणून, स्वतःसाठी. हा शब्द तिथं एकदाच येतो. पुढच्या सगळ्या ओव्यांत जे मागितलंय ते दुष्टांसाठी, प्राणिमात्रांसाठी, जो कुणी जे इच्छील त्याच्यासाठी. शेवटी पुन्हा स्वतःचा उल्लेख येतो तेव्हा 'मी' उरलेलाच नाही. 'ज्ञानदेव' असं तिसऱ्या माणसासारखं नाव आहे. तुला बाजूला ठेवून नाव वापरणं ही आमच्या संतांची जुनी सवय. अभंगभर 'मी' म्हणणारे तुकोबा शेवटच्या चरणात 'तुका' होतात. नाथांच्या 'एका जनार्दनी'नं तर लहानपणी मला कितीतरी दिवस फसवलं. कुणीतरी एक जनार्दन आहे, एवढंच मला वाटे. 'एका' म्हणजे एकनाथ स्वतः आणि जनार्दन म्हणजे त्यांचे गुरू, हे कुणीतरी समजावून सांगेपर्यंत.

आता 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक उंबरा आहे. 'आपण जाऊ' म्हटलं की ऐकणाराही निघाला. 'आम्ही जाऊ' म्हटलं की तो दारात राहिला. केशवसुतांच्या प्रसिद्ध कवितेचं शीर्षक 'आम्ही कोण?' असं आहे. तिथला 'आम्ही' म्हणजे कवी, आणि प्रश्न विचारणारा त्या 'आम्ही'च्या बाहेर उभा आहे. इथं 'आपण' चाललंच नसतं. कवितेत 'आम्ही' दिसला की मी मुलांना पहिला प्रश्न तोच विचारायची, यात तुम्ही आहात का? पुष्कळदा वर्ग शांत व्हायचा.

सगळ्यात शांत झाला तो नामदेव ढसाळांच्या कवितेला. 'गोलपिठा'तली 'त्यांची सनातन दया'. अभ्यासक्रमात नव्हती, मी एका शनिवारी तास संपल्यावर थांबणाऱ्यांसाठी वाचली. शीर्षकाचा पहिला शब्दच तू. त्याच्याआधी काहीही नाही, मागं जाऊन शोधायला ओळच नाही. पंचवीसेक मुलं होती. अर्ध्या मुलांनी विचारलं, "त्यांची म्हणजे कुणाची?" अर्ध्यांनी विचारलं नाही. मी न विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, त्यांना उत्तर ठाऊक होतं. मग मी विचारणाऱ्यांकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी मनानं त्यांच्यातच बसले होते. माझ्या घरात दया होती. सणावारी पडवीत वाढलेलं ताट होतं, मागच्या दारानं दिलेलं जुनं लुगडं होतं. 'त्यांची' हा शब्द माझ्याकडे बोट करत होता. त्या दिवशी मी मुलांना उत्तर सांगितलं नाही. कविता पुन्हा एकदा वाचली आणि म्हटलं, आता प्रत्येकानं ठरवा की हा शब्द उच्चारताना आपण कुठं उभे आहोत. सर्वनाम ओळखायला आधी स्वतःची जागा ओळखावी लागते, हे मला तोवर कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही या रिवाजातून तुझी किती रूपं निघाली, याचं एखादं पुस्तक व्हावं. 'हे' म्हणजे नवरा. 'इकडून' म्हणजे नवऱ्याकडून. 'तिकडे' म्हणजे त्यांना. दिशादर्शक शब्द माणूस झाले! रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१०चं. त्यात त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांचा उल्लेख जागोजागी 'स्वतः' असा आहे. 'स्वतः' म्हणाले, 'स्वतः' आले. नव्या वाचकाला वाटतं, कोण स्वतः? बाई की साहेब? १९३८ मध्ये कॅथरिन गेट्स यांनी त्या पुस्तकाचं इंग्रजी केलं आणि नावच 'हिमसेल्फ' ठेवलं. एका बाईचं आत्मचरित्र, आणि त्याच्या शीर्षकात नवऱ्याचं सर्वनाम. मला ते नाव वाचून नेहमी गलबलतं.

माझ्या आजीची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, हिशेबाची. पुढून धान्याचे आकडे आणि मागून, वही उलटी करून, ओव्या. पोथी ऐकून ऐकून तिला ओवीचं वळण बसलं होतं, तशा तिनं स्वतः रचलेल्या. ती कुणाला दाखवायची नाही. ती गेल्यावर आत्याकडून वही माझ्याकडे आली. पहिल्यांदा वाचली तेव्हा एका ओवीत 'इकडून पत्र नाही' असं होतं, आणि मला वाटलं, आपल्याकडून कुणाला तरी पत्र गेलं नाही म्हणून ती हळहळते आहे. पुन्हा वाचली तेव्हा लख्ख कळलं. आजोबा नोकरीला परगावी होते, वर्षातून दोनदा येत. पत्र त्यांच्याकडून आलं नव्हतं. त्या वहीत 'इकडून' नऊ वेळा आहे. इतकी वर्षं आम्ही तिला कमी बोलणारी बाई म्हणत आलो, आणि तिनं नऊ वेळा नवऱ्याला हाक मारली होती, नाव न घेता.

त्याच वहीची शेवटची ओवी आहे, आणि या पत्राचं खरं कारण तीच. पहिल्या चरणात दिवेलागण आहे. दुसऱ्यात कडुलिंबावरची पाखरं, पहाटे उडालेली. तिसऱ्यात उंबऱ्यावरची पणती. शेवटच्या चरणात 'ती परतली ना' एवढं वाचता येतं. पुढचा कागद कसरीनं खाल्ला आहे.

तिथं 'नाही' होतं की 'नाहीत'? 'नाहीत' असेल तर ती पाखरं. 'नाही' असेल तर ती एकटी आहे. आजीची पहिली मुलगी सहा वर्षांची असताना तापानं गेली होती. तिच्याविषयी आजी कधी एक शब्द बोलल्याचं कुणाला आठवत नाही. आत्याचं म्हणणं, ती मुलगीच. दुसरं कोण असणार? माझ्या भावाचं म्हणणं, वरच्या ओळीत पाखरं आहेत, मग कशाला ओढून आणता?

मी भिंग घेऊन बसले. बाकीच्या ओळी कागदाच्या कडेला किती टेकतात ते पट्टीनं मोजलं. जिथं कागद खाल्ला गेला आहे तिथं आजीच्या अक्षरातली दोन अक्षरं सहज बसतात, पण तिथं एकटं 'ही' असू शकतं किंवा 'ही' आणि त्यापुढं 'त'. यमक असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा मोकळा. आजीनं तो रिवाज नेमका पाळला आहे. शाई मागच्या पानावर उमटलीय का, हे उजेडात धरून पाहिलं. उमटली आहे, एक काना असावा तशी रेघ. तशी रेघ 'ही'च्या वेलांटीचीही असते आणि 'त'चीही.

अकरावीतली ती मुलगी इथं असती तर तिनं पाखरं म्हटलं असतं, आणि व्याकरणाला तिला पूर्ण गुण द्यावे लागले असते. मी रोज एकदा पाखरं म्हणून वाचते आणि एकदा मुलगी म्हणून. पाखरं म्हणून वाचलं की पणती लावणारी आजी शांत दिसते, येतीलच ती. दुसऱ्या वाचनात तिचा हात वातीपाशी थांबतो. वही मी आता कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली आहे, उरलेला कागद तरी राहावा म्हणून. परवा आत्या आली तेव्हा तिनं ते पान उघडायला सांगितलं, कसरीनं खाल्लेल्या जागेवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं 'नाही' असं वाचलं. मी काही बोलले नाही. ती गेल्यावर पान पुन्हा उजेडात धरलं.

तुझी,
एक मराठीची शिक्षिका